दोनशेच्या आत असेल तर बसा

३ नोव्हेंबर, सोमवार

दोऱ्याच्या कंपनीचा माणूस दर वर्षी ह्यांना एक डायरी द्यायचा. हे तीत काही लिहायचे नाहीत. कपाटात अशा सात कोऱ्या डायऱ्या निघाल्या. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी डायरी येतेच. फेकवत नाही, म्हणून आजपासून एक लिहायला घेते. छापलेले वार जुळत नाहीत, ते खोडून माझे लिहीन.

आज दुकानात कार्डाचं मशीन आलं.

सात रस्त्यावरून आत वळलं की दुसऱ्या बोळात आमचं दुकान. अस्तर, फॉल, रीळ, हुक, चेन, नाडी आणि बटणं. बटणांच्या प्रत्येक डबीवर आतलं एक बटण बाहेरून टाचलेलं आहे. ती सगळी ह्यांनी टाचलेली. हे बटणं मोजायचे ते कन्नडमध्ये, ओंदु, एरडु करत. भाव मात्र मराठीत सांगायचे.

पूर्वी भिंतीवर स्कॅन करायचा कागद होता. तो ह्यांच्या खात्याचा. हे गेल्यावर खातं बंद झालं आणि कागद तसाच राहिला. कुणी फोन लावला की मीच सांगायची, रोख द्या. पोरी ‘राहू दे काकू’ म्हणून निघून जायच्या. शेवटी बँकेच्या माणसाने हे मशीन गळ्यात घातलं. यात कार्डही चालतं आणि स्कॅनही. भाडं महिन्याला साडेतीनशे. महिन्यात पंधरा हजारांची खरेदी कार्डाने झाली तर भाडं माफ. स्कॅन केलेलं त्यात धरत नाहीत. शिवाय कार्ड घासलं की दर वेळी बँक थोडं कापून घेते. हे त्याने सही झाल्यावर सांगितलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

एका मुलीने बारा रुपयांची चेन घेतली आणि कार्ड दिलं. मशीनने दोन पावत्या काढल्या, एक तिला, एक मला. तिने तिची तिथंच टाकली. चेनमागं मला दोन रुपये सुटतात. त्यातून बँकेचं कापणं आणि कागदाचा रोल वजा केला तर उरतं ते सांगण्यासारखं नाही.

रात्री बटणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्यावर लिहिलं, ‘दोनशेच्या आत कार्ड चालणार नाही.’ अक्षर बरं आलंय. शाळा माझी तिसरीपर्यंत, तीही कन्नड, अक्कलकोटच्या पुढच्या गावात. मराठी वाचायला शिकले ते या दुकानात, पुड्या बांधायच्या रद्दीवरून. तेव्हा फार चरफडायची मी, कारण पुडीच्या कागदावर गोष्ट नेहमी अर्धीच असायची.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

संस्कृती नावाची मुलगी आली होती. फॅशन डिझाइनच्या कोर्सला आहे. सत्तर रुपयांची लेस घेतली, पाटी वाचली आणि म्हणाली, “काकू, असा नियम दुकानदाराला लावता येत नाही.”

मी म्हटलं, मग मी काय करू. ती म्हणाली, ते माहीत नाही, पण लावता येत नाही. वाईट बोलली नाही, खरं तेच बोलली असेल. तिने लेस परत ठेवली आणि ती गेली. मला दिवसभर कुणीतरी खोटं मापताना पकडल्यासारखं वाटत राहिलं.

मथुरा सिस्टर तेव्हा स्टुलावर होत्या. त्या सिव्हिलमध्ये नर्स होत्या, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. मूळच्या माढ्याच्या, मुलगा पुण्यात, इथं एकट्याच असतात. गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. त्यांचे डोळे लवकर दुखतात, म्हणून दुपारी दोन ते चार मी त्यांना कादंबरी वाचून दाखवते. कादंबरी त्याच वाचनालयातून आणतात. सध्या एका बोटीवरच्या डॉक्टरची चालू आहे. माझं वाचणं अडखळत असतं, पण त्या बिचाऱ्या कधी बोलून दाखवत नाहीत.

आज मी वाचलं नाही. सिस्टर म्हणाल्या, “पाटी काढू नका. फक्त शेवट बदला.” मग थोडा विचार करून त्यांनी सांगितलं ते मी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला लिहिलं.

‘दोनशेच्या आत असेल तर बसा. दुसरी बाई येईल. दोघींचं मिळून कार्ड चालेल.’

मी म्हटलं, लोक हसतील. त्या म्हणाल्या, हसू देत की, हसायला तरी आत येतील.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हसल्या. पण बसल्याही.

पिंकी आली होती. ती पलीकडच्या चाळीत घरी शिलाई करते. चाळीस रुपयांचा फॉल आणि दोन रिळं. तिच्याजवळ रोखच असते, कार्ड नाहीच. सिस्टरांकडे कार्ड आहे आणि त्यांना रोख पाहिजे असते. गुडघ्यामुळे एटीएमच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणाल्या. तर सिस्टरांनी पिंकीचे साठ रुपये आपल्या बटव्यात घेतले, अस्तराला आलेल्या बाईचे शंभर घेतले, स्वतःला एक पांढरं रीळ आणि एक कात्री घेतली आणि सगळ्यांचं मिळून कार्ड घासलं. दोनशे पंधरा.

पिंकी म्हणाली, “सिस्टर, तुमी तर आमच्या भिशीच्या अध्यक्षीण झालाव की.”

सिस्टर म्हणाल्या, “अध्यक्षाला चहा लागतो. सांग.”

पिंकी म्हणाली, “लागतोय की. पर त्यो दोनशेच्या आत बसतोय, मग तुमीच बसा.”

चहा मीच सांगितला. सिस्टरांच्या अडचणीला माझं मशीन उपयोगी पडतंय याचं मला बरं वाटलं. बँक कापते ते कापू दे, एवढं करायलाच पाहिजे. माझ्या बाळंतपणात रात्रभर माझ्या उशाशी उभ्या होत्या त्या. मूल राहिलं नाही, पण बाई राहिली माझ्याजवळ.

१ डिसेंबर, सोमवार

नोव्हेंबरचे कार्डाचे सहा हजार चारशे झाले. साडेतीनशे कापून गेले.

दुपारी भाऊजी आले. गुरुशांत भाऊजी, ह्यांचे धाकटे भाऊ. त्यांचं पाण्याच्या पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. आमचा गाळा दोघा भावांच्या नावावर आहे. मोबाइलचे कव्हर विकणारा एक जण बारा हजार भाडं द्यायला तयार आहे. सहा मला, सहा त्यांना. ते म्हणाले, घरबसल्या सहा हजार येतात, वैनी, तुमचं वय का आता दिवसभर उभं राहायचं?

त्यांचं चुकत नाही. काही महिन्यांत मला सहा सुटत नाहीत. लिहायला लाज वाटते, पण सुटत नाहीत. मी म्हटलं, दुकान चालतंय की. ते म्हणाले, “चालतंय म्हणजे काय वैनी, दिसू दे की कागदावर. गल्ल्यातलं मला काय दिसतंय?”

मी मशीनकडे बोट दाखवलं. पंधरा हजारांचं सांगितलं. कशाला सांगितलं कुणास ठाऊक. ते म्हणाले, बरं. डिसेंबर बघतो. पंधरा झाले तर मी गाळ्याचं नाव काढणार नाही. नाही झाले तर संक्रांतीची गड्ड्याची यात्रा झाली की चावी त्या माणसाला.

ते गेल्यावर लक्षात आलं, सिस्टर अस्तराच्या गठ्ठ्यामागं बसल्या होत्या. म्हणाल्या, वाचा पुढे, डॉक्टर बोटीवर चढला होता. मी वाचलं. कुठल्या ओळीवर आहे ते मला कळत नव्हतं.

६ डिसेंबर, शनिवार

सिस्टर आता सकाळीही येतात. म्हणतात, घरी बसून अंग आखडतं. रोखही त्यांना पूर्वीपेक्षा जास्त लागायला लागलीय. दूधवाला, भाजीवाली, फुलवाली, कुणी कार्ड घेत नाही ना. आज चार वेळा घासलं. त्यांच्या बटव्यात दहा-वीसच्या नोटांचा गठ्ठा झाला होता, झिप लागेना. मीच रबर दिलं.

लग्नसराई आहे. शिवाय गड्ड्याच्या यात्रेत पुरुष घालतात त्या पांढऱ्या बाराबंद्या शिवायला निघाल्यात. पांढऱ्या नाडीची तीन बंडलं संपली. बाराबंदीला बटण चालत नाही, सगळं नाडीनेच बांधायचं. ह्यांची बाराबंदी ट्रंकेत आहे. दर वर्षी मी तिच्या नाड्या नव्या लावायची, कारण धुतल्यावर कापड पांढरं होतं पण नाडी पिवळीच राहते. गेली दोन वर्षं लावल्या नाहीत.

११ डिसेंबर, गुरुवार

संस्कृती परत आली, आणखी दोघींना घेऊन. पाटी वाचून म्हणाली, हे बदललं वाटतं. मी म्हटलं, तू लावता येत नाही म्हणालीस ना. तिला लाजल्यासारखं झालं. तिघी बसल्या, आणि मी वाचत होते ते ऐकत बसल्या. बोटीवर साथ पसरली होती. तिघींचं सामान दोनशेच्या वर गेलं तरी उठल्या नाहीत. जाताना एकीने विचारलं, उद्या किती वाजता.

उद्याचं मला काय माहीत, मी म्हटलं. गिऱ्हाईक नसलं तर वाचते.

ती म्हणाली, आम्ही गिऱ्हाईकच आहोत.

पोरी तीनशे वीसची लेस घेऊन गेल्या, कार्डावर. रंग बघायला मी ती बाहेर उन्हात नेली होती. ट्यूबखाली मोरपंखी आणि गडद निळा एकच दिसतात. ह्यांना उन्हात जावं लागत नसे. गिऱ्हाइकाच्या हातातलं कापड लांबूनच बघून डबी काढायचे. मला दोन वर्षांत तेवढं जमलेलं नाही, पण आता दहातले सात बरोबर निघतात.

१७ डिसेंबर, बुधवार

बँकेत गेले होते, एका पावतीचे पैसे जमा दिसत नव्हते म्हणून. बँक पहिल्या मजल्यावर आहे, पायऱ्या चांगल्या वीस. वर गेले तर पैसे भरायच्या रांगेत मथुरा सिस्टर. हातात दहा-वीसच्या नोटांचा गठ्ठा, माझंच रबर लावलेलं. त्यांनी मला पाहिलं आणि चटकन बटवा मिटला.

मी विचारलं, गुडघे? त्या म्हणाल्या, आज बरे आहेत. मी विचारलं, हे? त्या म्हणाल्या, “माढ्याच्या बहिणीच्या बचतगटाचे आहेत. भरून ये म्हणाली.”

वरच्या वीसच्या नोटेला निळ्या खडूचा डाग होता. पिंकीच्या नोटांना असतो तसा. पण निळा खडू काय माढ्याच्या शिंप्यांकडे नसतो? गुडघ्याचंही असंच असतं, एखादा दिवस बरा जातो. स्वतःला एटीएमची पायरी चढवत नाही आणि बहिणीसाठी वीस चढल्या. सिस्टर पहिल्यापासून अशाच. दुसऱ्याचं काम निघालं की त्यांचं दुखणं पळतं.

चारच्या चहाला मी त्यांच्यासाठी शेंगाची पोळी नेली.

२३ डिसेंबर, मंगळवार

मोबाइल कव्हरवाला आज टेप घेऊन आला. भाऊजींनी पाठवलं नव्हतं, स्वतःच आला. दुकानाची रुंदी मापली. बटणांच्या डब्यांच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाला, हे सगळं निघतं ना? मी म्हटलं, निघतं. खिळे माझ्या नवऱ्याने ठोकलेत, ते मात्र वेळ घेतील.

तो गेल्यावर मी डिसेंबरचा हिशेब केला. एकूण अकरा हजार नऊशे झालेत. आठ दिवस राहिले. आणि मला हेही लिहायचंय, की मला सहा हजारांचा मोह झाला. सकाळी उशिरा उठायचं. गुडघे माझेही आहेत. सिस्टरांसारख्या बाईला मी रोख पुरवते, वाचून दाखवते, ते सगळं ठीक, पण त्यासाठी कुणी दुकान चालवतं का?

मग पिंकी आली आणि म्हणाली, “काकी, ह्या कापडाला जांभळं बटण निघंना. तुमीच बघा, तुमचा डोळा बसलाय.” कापड हातात घेतलं आणि न बघता तिसऱ्या रांगेतली डबी काढली. उन्हात नेऊन बघितलं. एकच रंग.

हे असते तर म्हणाले असते, हं. एवढंच म्हणायचे.

३१ डिसेंबर, बुधवार

सकाळी चौदा हजार सातशे होते.

अकराला संस्कृती आणि तिच्या मैत्रिणी आल्या. दुपारी सिस्टर. संध्याकाळी सहाला सिस्टरांनी मशीनची एकुणाची पावती काढायला लावली आणि हातात घेऊन वाचली, पंधरा हजार तीनशे चाळीस. चष्मा घरी राहिला होता त्यांचा. मुंगीएवढी अक्षरं असतात, मला चष्म्यानेही लागत नाहीत. अंदाजाने वाचलं असेल म्हणून मी परत तपासलं. बरोबर होतं.

मी म्हटलं, सिस्टर, तुमच्या रोखीच्या गरजेमुळे माझं काम झालं बघा. त्या म्हणाल्या, “व्हय की. माझी गरजच लई मोठी.”

पावती ह्यांच्या फोटोमागे खोचली. या पावत्यांची शाई उडून जाते म्हणतात, म्हणून आकडा इथंही लिहिला.

१० जानेवारी, शनिवार

भाऊजी आज आले. गड्ड्याची दुकानं लागायला लागलीत, सगळं शहर गडबडीत आहे. मी फोटोमागची पावती काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, घडी घातली आणि परत दिली. मी वाट बघत राहिले. सिस्टर पुस्तकाकडे बघत होत्या. पुस्तक उलटं होतं, पण अशा वेळी कुणाचं लक्ष असतं.

मग भाऊजी म्हणाले, बाराबंदीची नाडी द्या. दोन बाराबंद्यांची. मी विचारलं, दुसरी कुणाची? ते म्हणाले, “शिवराज यंदा पहिल्यांदा यात्रेला येतोय. अण्णाची बाराबंदी त्याला व्हईल का बघू. तुमची हरकत नसंल तर.”

शिवराज त्यांचा मुलगा, अठराचा झालाय. मी म्हटलं, खांद्यात जरा सैल पडेल. ते म्हणाले, पडू दे. भरंल अंग.

नाडी मापून दिली. एकशे वीस रुपये झाले. भाऊजींनी खिशातून कार्ड काढलं.

मी मशीन पुढे ओढलं. सिस्टरांनी पुठ्ठ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, “दोनशेच्या आत आहे. बसा.”

“मी?”

“नियम सगळ्यांना एकच. बसा तिथं.”

भाऊजींनी पाटी पुढून वाचली, मग उलटी करून जुनी बाजूही वाचली. मी मनात म्हटलं, आता चिडणार. दुकानात सासरचा माणूस, तोही गाळ्याचा अर्धा मालक. पण ते लाकडी पेटीवर बसले, गुडघे हनुवटीपर्यंत आले. सिस्टर म्हणाल्या, वाचा पुढे. मी वाचायला लागले. आधी एकच ओळ दोनदा वाचली, मग बोटीवरच्या गोष्टीत लागले. डॉक्टरने बंदरात उतरायचं नाकारलं, कारण अजून तीन आजारी माणसं बोटीवर होती. भाऊजींनी एकदा विचारलं, का उतरत नाही तो? सिस्टर म्हणाल्या, गप ऐका.

अर्ध्या तासाने पिंकी आली, नव्वद रुपयांचं अस्तर घ्यायला. भाऊजींना पेटीवर बघून तिने पदर सारखा केला आणि पैसे सवयीने सिस्टरांपुढे धरले. सिस्टर म्हणाल्या, आज त्यांना दे. तिने भाऊजींच्या हातावर नव्वद ठेवले. भाऊजींनी ते मोजले, खिशात घातले आणि मशीनवर दोनशे दहा रुपयांचं कार्ड घासलं.

पावती निघाल्यावर विचारलं, “वैनी, हे जानेवारीत धरतात न्हवं?”

मी म्हटलं, हो, जानेवारीत.

“मग बरं,” म्हणाले आणि नाडीची पुडी घेऊन गेले. पुडी मी रद्दीत बांधली होती. दोन पावलं जाऊन तिथंच उभे राहिले, पुडीवरचं काहीतरी वाचत.

सिस्टरांची मात्र आज रोख बुडाली. मला वाईट वाटलं. मी गल्ल्यातून शंभराची नोट काढून दिली, म्हटलं, उद्या घासू, आज दुधाला असू दे. त्यांनी घेतली आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, डॉक्टर आठवला. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

रात्री ट्रंक उघडली. नाड्या लावल्या.

१९ जानेवारी, सोमवार

गड्डा झाला. मिरवणुकीतले नंदीध्वज गेले तेव्हा मी रस्त्याच्या कडेला होते. पांढऱ्या बाराबंद्यांच्या गर्दीत शिवराज पाठमोरा दिसला. खांद्यात सैल होती. मी जरा वेळ दुसरीकडे बघितलं, मग परत बघितलं.

आज दुपारी पिंकी म्हणाली, काकी, आता भाऊजींचं मिटलं, तर ती पाटी काढायची का? बारा रुपयाची चेनसुदा कार्डावर दिली तरी तुमाला चालंल की आता. मी हिशेब केला. माफ झालेलं भाडं आणि बँकेचं कापलेलं यांत फार मोठा फरक पडत नाही. शिवाय संस्कृतीचं म्हणणं खरंच आहे, असा नियम लावता येत नसेल.

पण मी पाटी ठेवली. पुठ्ठ्याचे कोपरे गेले होते, त्यांना फॉलची पट्टी शिवून घेतली. पाटी काढली तर मथुरा सिस्टरांनी रोख आणायची कुठून? त्यांच्याने एटीएमच्या पायऱ्या होत नाहीत, आणि मागून घ्यायचा त्यांचा स्वभाव नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट आहे. मशीनची खटपट मला नको झाली तरी त्यांच्यासाठी चालू ठेवायची, असं ठरवलंय.

त्यांना हे बोलून दाखवलेलं नाही. उगाच ओझं वाटेल.

उद्या नवी कादंबरी सुरू करायची. त्यांनी आणून ठेवलीय. चांगली सहाशे पानांची आहे.